पेंटरचा बाण

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे पेंटर म्हणतात. त्याला नाव आहे, पण ते विजेच्या बिलाखेरीज कुठे वापरात नाही. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते आणि अहो-जाहो करते. इथे मात्र पेंटर म्हणणार आणि सरळ अरे-तुरे करणार. त्याने आमच्या ताईला वीस वर्षं जो ताप दिला, त्याच्या बदल्यात एवढी सूट मला मिळायला हवी.

आमच्या भागातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या आहेत. छापील फ्लेक्स आले तेव्हा लोक म्हणाले, आता पेंटर बसला. पण फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरेफटक पडले आणि दुकानदार पुन्हा त्याच्याच दारात आले. पट्टी न लावता तो हातभर लांब सरळ रेघ ओढतो. रस्त्यांची नावं त्याला येत नाहीत, त्याचा सगळा नकाशा पाट्यांचा आहे. दवाखाना कुठे म्हणून विचारलं तर सांगतो, 'गाद्या भरून मिळतील'वरून सरळ जा, 'दात बसवून मिळतील'ला उजवीकडे वळ, पुढे 'येथे थुंकू नये' येईल, त्याच्या शेजारचा जिना. आणि माणूस बरोबर पोचतो.

आणि तो प्यायचा. आधी काम संपल्यावर, मग जेवणाआधी, मग सकाळी हात स्थिर करायला. हात थरथरतो म्हणून प्यायची, आणि प्यायला म्हणून हात थरथरायचा. शपथा तर इतक्या घेतल्या की विचारू नका. माझ्याच डोक्यावर हात ठेवून तीनदा घेतल्या आणि तीनदा मोडल्या. मी अजून धडधाकट आहे, त्यावरून शपथेत काही दम नसतो एवढं मला कळलं. दर वेळी कानाला खडा लावायचा, आठवडाभर भाजी आणायची, घर झाडायचं, आणि पुढच्या आठवड्यात ये रे माझ्या मागल्या.

मग एका मंगळवारी ताई बॅग घेऊन माझ्याकडे आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, खाली दुकान आणि वर एक खोली, एक मोरी, एक खाट. ताई म्हणाली, दोन दिवस राहते. मी म्हटलं, राहा की, तुझंच घर आहे. हे वाक्य माणसाने जपून बोलावं.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे आणि माझ्या खुशीने एकटी राहते. ताईने तिसऱ्या दिवशी माझे सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. पाचव्या दिवशी त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर केव्हापर्यंत वापरायचं ते लिहिलं. पंखा एकवर हवा, खिडकी अर्धी हवी, उशी तिला भिंतीकडची हवी. आणि ती घोरते. सांगितलं की म्हणते, मी नाही, तूच घोरतेस. सख्खी बहीण आहे, जीव आहे तिच्यावर, पण एका खाटेवर दोघींचा जीव मावेना.

घर का सोडलं ते मात्र ती सांगेना. मारलं का? नाही. ओरडले का? नाही. मग झालं तरी काय? काही नाही, म्हणायची, साडेदहाला आले. अगं, मी म्हटलं, ते वीस वर्षं उशिरा येतायत, साडेदहात काय विशेष? त्यावर ताई म्हणायची, तू तुझं दुकान बघ.

आठवड्याने पेंटर आला. धुतलेला शर्ट, चोपून बसवलेले केस, माझ्या काउंटरसमोर हात जोडून उभा. समोर दोन गिऱ्हाइकं. ताई जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत उतरली. त्याने शपथेसाठी माझ्या डोक्याच्या दिशेने हात पुढे केला, तशी मी चपळाईने मागे सरकले.

"शपथ नको," ताई म्हणाली. "दारू सोडायला लोक एकत्र बसतात म्हणे कुठेतरी. तिथे जाऊन बसा. मग बघू."

आणि ती वर निघून गेली. या 'मग बघू'ला एक मुदतही होती. ताईचे मालक दुसऱ्या गावात नवं दुकान काढणार होते आणि ते तिच्यावर सोपवायचं त्यांच्या मनात होतं. वर राहायला खोली होती. वर्षभरात दुकान उघडणार, तोवर हो की नाही ते सांग, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. ताई गेली असती तर परत आली नसती, हे मला कळत होतं आणि पेंटरलाही कळत होतं.

तेव्हा पेंटर शोधाला लागला. आता हे शोधायचं तर कोणाला तरी विचारायला हवं, आणि विचारलं तर लोकांना कळणार. जसं काही लोकांना माहीतच नव्हतं! ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने एक मित्र तयार केला. न्हाव्याकडे गेला आणि म्हणाला, माझा एक मित्र आहे, जरा जास्त घेतो, त्याच्यासाठी असं काही असतं का? न्हाव्याला माहीत नव्हतं. मग डॉक्टर, मग छापखानेवाला, मग लाकडाच्या वखारीतले आजोबा. दर ठिकाणी मित्र थोडा थोडा वाढत गेला. त्याला मिशा आल्या. तो नळदुरुस्तीची कामं करू लागला. त्याची बायको माहेरी निघून गेली, तेही बहिणीकडे, आणि ती बहीण फार तोंडाळ निघाली. हे मला वखारीतल्या आजोबांनी स्वतः सांगितलं.

दोन महिन्यांत सगळे मित्राची चौकशी करू लागले. एक दिवस न्हाव्याने दाढी करता करता त्याला सांगितलं की पेंटर, तुमच्या मित्राला निरोप द्या, काल तो गुत्त्यासमोर शर्टाची बटणं वरखाली लावून उभा होता, लोक हसत होते. पेंटरने निरोप देतो म्हणून सांगितलं आणि घरी येऊन दिवसभर बाहेर पडला नाही.

शेवटी त्याने गुत्तेवाल्यालाच विचारलं. या माणसाच्या डोक्याचं मला कधीकधी कौतुक वाटतं. गुत्तेवाला म्हणाला, मलाही तो पत्ता हवाय, माझी चार रोजची गिऱ्हाइकं वर्षभरात गायब झाली आणि चौघंही आधी गुरुवारी यायची बंद झाली होती. एवढाच धागा मिळाला. पेंटर तो धागा सांगायला माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडाला वास येत होता. मी त्याला पायरी चढू दिली नाही.

आणि सगळा वेळ पत्ता माझ्या दुकानात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

झेरॉक्सवालीने हातात आलेला कागद वाचायचा नसतो. हा माझा नियम आहे आणि मी तो काटेकोर पाळते. लोक काय काय आणतात! काडीमोडाचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, मुलाच्या नापासाचं प्रगतिपुस्तक. वाचायला लागले तर महिनाभरात ओळखीच्या माणसाकडे सरळ बघता येणार नाही. म्हणून मी कागद काचेवर पालथा ठेवते आणि प्रती मोजते, बस. कोपऱ्यावरचे चष्मेवाले दर महिन्याला एक कागद घेऊन यायचे, चाळीस प्रती. चार वर्षं मी त्या काढून देत होते.

मग एक दिवस त्यांच्या प्रती काढताना यंत्रात कागद अडकला. मी झाकण उघडून ओढला तर अर्धा फाटून हातात आला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं, 'पिणं थांबवायचं आहे?' मी चष्मेवाल्यांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, आहे का कोणी? मी म्हटलं, एक मित्र आहे. आणि जीभ चावली.

मग सरळ सांगितलं. कागदावर एवढंच होतं की गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता, जुन्या पोस्टाची इमारत, पहिला मजला, जिना चढल्यावर बाण दिसेल. नाव सांगावं लागत नाही. मी विचारलं की एवढे दिवस आम्ही शोधतोय, बाहेर एखादी पाटी का नाही लावली? चष्मेवाले म्हणाले, पाटीखालून आत शिरायला कोण तयार होईल? म्हणून नुसता बाण. ज्याला ठाऊक, त्यालाच कळतो.

गुरुवारी मी साडेपाचलाच शटर ओढलं. ताईची काळजी नव्हती, दर गुरुवारी तिच्या दुकानात औषधांची मोजदाद असते आणि ती साडेसातला येते. पेंटरला त्याच्या शेडमधून अक्षरशः बखोटीला धरून काढलं. सकाळपासून प्यायला नव्हता, त्यामुळे हात बघवत नव्हते. जुन्या पोस्टापर्यंत तीन बार लागतात आणि तिन्हींच्या पाट्या त्याच्याच, म्हणून मी त्याला समोरच्या फुटपाथने नेलं. तरी दर दहा पावलांवर थांबायचा. या पाटीचा रंग बघ कसा उतरलाय. हे अक्षर कोणी काढलं, हात तोडले पाहिजेत. शेवटी पोस्टाच्या फाटकाशी तो खांबाला टेकला आणि म्हणाला, धाकटे, पुढच्या गुरुवारी आलो तर नाही का चालणार?

"भाऊजी," मी म्हटलं, "पुढच्या गुरुवारपर्यंत ताई मालकांना हो म्हणाली, तर पाट्या रंगवत बसा जन्मभर. चढा."

चढला. जिना संपला आणि समोर भिंतीवर बाण. निळा, कडेला पांढरी बारीक रेघ, टोकाला सावली. पेंटर त्याच्यासमोर उभा राहिला. जवळ गेला, बोट फिरवलं, मागे सरकून मान तिरकी करून बघितलं.

"हा माझा आहे," तो म्हणाला.

त्याला काहीच आठवत नव्हतं. केव्हा काढला, कोणी काढायला सांगितला, काही नाही. पण सावली त्याचीच होती, तशी दुसरं कोणी काढत नाही. आणि मग तो चक्क खूश झाला. बघ, म्हणाला, रंग जरासुद्धा उडालेला नाही, याला म्हणतात काम. थरथरत्या हाताने मिशीवरून बोट फिरवलं आणि बाणाच्या दिशेने छाती काढून निघाला. बाण डावीकडे होता. आम्ही डावीकडे गेलो.

दार अर्धं उघडं होतं. आत गोलात मांडलेल्या खुर्च्यांवर दहा-बारा बायका बसल्या होत्या. मला वाटलं, बायकाही एवढ्या पितात की काय. तेवढ्यात आमच्याकडे पाठ करून बसलेली एक बाई बोलू लागली. तो आवाज रोज मला पंखा एकवर कर म्हणून सांगत होता.

गोलात समोर बसलेल्या एका बाईंनी आम्हाला बघितलं. त्या बँकेत असतात हे नंतर कळलं. दारात कोणी अनोळखी पुरुष उभा राहणं त्यांना नवीन दिसत नव्हतं. त्यांनी फक्त तळहात वर केला, म्हणजे थांबा. आम्ही थांबलो. ताईला आम्ही आल्याचं कळलं नव्हतं.

"मी घर सोडलं त्या दिवशी त्यांनी काहीच केलं नव्हतं," ताई म्हणत होती. "फक्त उशीर झाला होता. पूर्वी उशीर झाला की मी खिडकीत उभी राहायची, जीव नुसता टांगणीला लागायचा. त्या दिवशी मी जेवले, भांडी घासली, आणि मनात आलं, बाहेर त्यांना काही झालं असेल तर बरंच झालं. सुटले. मग साडेदहाला जिन्यावर पावलं वाजली आणि मला वाईट वाटलं. ते आले म्हणून वाईट वाटलं. मला त्यांची भीती नव्हती वाटली कधी. त्या दिवशी माझी वाटली. म्हणून निघाले."

 मी पेंटरकडे बघितलं नाही, माझी हिंमतच झाली नाही. चार महिने मी या बाईला खाटेवरून टोमणे मारत होते आणि ती हे पोटात घेऊन झोपत होती. मला स्वतःची फार लाज वाटली.

मग बँकेतल्या बाई पेंटरला म्हणाल्या, "दादा, तुमची खोली समोरची. इथे पिणाऱ्यांच्या घरची माणसं बसतात. बाणाचं मनावर घेऊ नका, सगळे आधी इथेच येतात. कोणा पेताडाने उलटा काढून ठेवलाय."

ताईने मान वळवली. आधी त्याला बघितलं, मग मला, मग पुन्हा त्याला.

"तो पेताड म्हणजे हेच," ती म्हणाली.

एक बाई फिसकन हसली. तिच्या मागोमाग सगळी खोली हसू लागली. ताईही हसली, तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी असताना. त्यात पेंटरने आणखी भर घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्याच्यातला कारागीर गप्प बसेना. दारातूनच समजावून सांगू लागला की त्याचं असं झालं असणार, पुठ्ठ्याचा साचा घरी कापून आणला असणार आणि इथे भिंतीवर लावताना पालथा लागला असणार, साचा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, कोणाच्याही हातून होऊ शकतं. कोणाच्याही हातून नाही हो, बँकेतल्या बाई म्हणाल्या, आणि समोर बोट दाखवलं. पेंटर गेला. समोरच्या दारावर त्याने टकटक केलेलं मी ऐकलं. दार चष्मेवाल्यांनी उघडलं.

मला त्यांनी एक खुर्ची आणि पेलाभर पाणी दिलं. बोलायचं असेल तर बोला, नाहीतर नुसतं बसा, म्हणाल्या. माझी जीभ उचलली की टाळ्याला लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दिवशी मला दोनच वाक्यं जमली. मी म्हटलं, ही माझी बहीण आहे. मी रोज हिला विचारते की तू जाणार कधी, ते आता विचारणार नाही.

तासाभराने दोन्ही दारं एकदमच उघडली. पेंटरचा चेहरा उतरला होता. आत काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच, विचारलं नाही. व्हरांड्यात तो ताईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मी ऐकलं. ताई म्हणाली, ठीक आहे. तो म्हणाला, मी पुढच्या गुरुवारी येणार आहे.

"मी इथे असते म्हणून येऊ नका," ताई म्हणाली. "मी नसले तरी यायचं असेल तर या."

आणि ती माझ्याबरोबर माझ्या खोलीवर आली. त्या दिवशी मी पंखा स्वतःहून एकवर केला. औषधांची मोजदाद केव्हापासून चाललीय, एवढंच विचारलं. दोन महिने, ती म्हणाली. बँकेतल्या बाई तिच्या दुकानातल्या गिऱ्हाईक, त्यांनीच नेलं होतं. पेंटरला पत्ता का नाही सांगितलास, असं मी विचारणार होते. पण तिने आधीच सांगितलं की त्यांचं त्यांनी शोधायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी पेंटर आला तो रंगाचा डबा आणि ब्रश घेऊनच. आधी बाण सरळ करतो, मग बसतो, म्हणाला. बायकांनी त्याला हात लावू दिला नाही. बँकेतल्या बाईंनी कारण सांगितलं. हा उलटा बाण आल्यापासून नवा माणूस आधी बायकांच्या खोलीत येऊन पडतो. समोरच्या खोलीत डोकावून जिन्यावरून परत पळणारे पुष्कळ होते. पण डझनभर बायका एकदम आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर पळायची कोणाची छाती होत नाही. पाणी पितात आणि मुकाट समोर जातात. मागेच आम्ही तुम्हाला फोनवरून दुरुस्तीला बोलावलं होतं, त्या म्हणाल्या, तुम्हाला आठवणारही नाही, पिऊनच पाच वेळा उद्या येतो म्हणालात, ते फार चांगलं केलंत. पेंटरने चष्मेवाल्यांकडे दाद मागितली. निदान खाली बारीक अक्षरांत काही लिहू द्या, माझ्या धंद्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. तेही नाही. दर गुरुवारी त्याला स्वतःच्या चुकीसमोरून जावं लागतं आणि दर गुरुवारी तो चुकचुकतो.

सगळं सुतासारखं सरळ झालं असं मी सांगणार नाही. पाचव्या आठवड्यात तो प्यायला. सकाळी नऊला माझ्या काउंटरसमोर येऊन उभा राहिला, डोळे लाल. मला वाटलं, आता मित्राची काहीतरी कहाणी सांगेल. तो म्हणाला, धाकटे, काल मी प्यायलो, तुझ्या ताईला माझ्याकडूनच कळू दे, बोलाव तिला. ताई खाली आली. त्याने तिलाही तेच सांगितलं, एकही सबब न जोडता. ताईने ऐकून घेतलं, बरं म्हणाली आणि कामाला गेली. त्या दिवसानंतर त्याने घेतलेली नाही. आज नाही, एवढंच तो म्हणतो. उद्याचं विचारलं की चिडतो.

हळूहळू एक रीत पडली. गुरुवारी ताई सभा संपली की माझ्याकडे यायची, आणि साडेसातला पेंटर येऊन काउंटरपाशी उभा राहायचा. दोघं पंधरा मिनिटं बोलायची. नुकतं लग्न ठरलेल्या मुलामुलीसारखं, अवघडून, इकडचं तिकडचं. मी यंत्राचा आवाज मोठा आहे असं दाखवून सगळं ऐकायचे. मग तो त्याच्या घरी जायचा, ती माझ्या खाटेवर. असे सात महिने गेले. मालकांचं नवं दुकान रंगून तयार झालं, पाटी अर्थात पेंटरनेच लिहिली, आणि त्यांनी ताईला सांगितलं की शनिवारपर्यंत काय ते सांग.

त्या आठवड्यात गुरुवारी ताईला सर्दी होती, ती सभेला गेली नाही. साडेसात वाजले. पेंटर आला नाही. आठ वाजले. ताई खाली येऊन पेन घेऊन गेली. थोड्या वेळाने डिंक घेऊन गेली. सव्वाआठला ती येऊन शटरपाशी उभी राहिली आणि रस्त्याकडे बघू लागली. मी म्हटलं, गप्पा मारत बसले असतील.  मी मनात म्हटलं, गेला हा पुन्हा प्यायला, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि शनिवारी ही हो म्हणून मोकळी होणार. त्या विचाराने मला इतकं वाईट वाटलं की भाडेकराराच्या सहा प्रती मी उलट्या काढल्या.

नऊला पेंटर आला, घामाघूम. एक नवा माणूस आला होता, त्याला एकट्याने बारांवरून जायची भीती वाटत होती, म्हणून त्याला चालत पार पलीकडच्या टोकाला घरी सोडून आला होता. हे तो सांगत होता, पण ऐकतंय कोण. ताईने तोंड सोडलं. भाडेकराराचं गिऱ्हाईक समोर उभं आहे याचंही तिला भान नव्हतं. निरोप देता येत नाही का? हातपाय मोडले होते का? माणसाने वाट तरी किती बघायची? पेंटर बिचारा पुन्हा पुन्हा तोंड पुढे करत होता.

"वास घे हवं तर," तो म्हणाला. "प्यायलो नाही गं."

"प्यायलात की नाही ते विचारतंय कोण?" ताई ओरडली आणि जिना चढून वर गेली.

मी गिऱ्हाइकाला तसंच ठेवून तिच्या मागे धावले. ती खाटेच्या कडेला बसली होती.  मी म्हटलं, अगं, एवढं चिडायला काय झालं, माणूस चांगलं काम करून आलाय.

"मला वाटलं, त्यांना काही झालं," ती म्हणाली.

मग माझ्याकडे बघितलं आणि तेच पुन्हा म्हणाली, सावकाश. आणि हमसून हमसून रडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसून रडले, मला कशाला लाज. खाली पेंटर घाबरून हाका मारत होता, काय झालं, काय झालं. जरा वेळाने ताईने डोळे पुसले, नाक पुसलं, वाकून खाटेखालची बॅग ओढली आणि खुंटीवरचे कपडे काढायला उठली. मालकांचं काय, मी विचारलं. उद्या नाही म्हणून सांगते, ती म्हणाली.

"जा, खाली जाऊन त्यांना सांग," ती म्हणाली. "म्हणावं, दहा मिनिटं थांबा, मी येतेय."